टोपीचे माप आणि आपले दुकान

व्यापारी बंधूंनो, शेरवानीचे कापड निलंग्यात घेणारे गिऱ्हाईक तिच्यावरच्या टोपीसाठी बिदरमार्गे हैदराबाद गाठते. का? तिथे टोपी घालून पाहता येते. आपण गठ्ठा पुढे टाकतो आणि ‘सगळ्यांना बसते’ म्हणून मोकळे होतो. यालाच मराठीत टोपी घालणे म्हणतात!

मीही हेच केले. एका ईदला एकाच मापाचा माल भरला. निम्मा कपाटात राहिला, भांडवल अडकले.

माप घेणे सोपे आहे. भुवया व कान यांच्या वरून, डोक्याचा मागचा फुगीर भाग धरून फीत फिरवावी. बहुतेक मोठ्या माणसांचे माप २१ ते २४ इंचांत येते. अर्ध्या इंचानेही फरक पडतो. सुती टोपी धुतल्यावर आटते, ती किंचित सैल द्यावी. विणलेली जाळीची टोपी ताणते. रुमी टोपी मात्र साच्यावर घडवलेली, तिचे माप नेमकेच हवे. तुर्कस्तानात १९२५ च्या कायद्याने ती बंद झाली. निजामाच्या हैदराबादेत चालत राहिली, आणि १९४८ पर्यंत आपला तालुका त्याच राज्यात होता. जुन्या घरांतून लग्नाला ती अजून मागितली जाते. कराकुली टोपी कोकराच्या कातड्याची, महाग. तेलकट डोक्यावर चढवण्याआधी आत पातळ कागद घालावा.

प्रत्येक मापाच्या दोन-दोन टोप्या, एक फीत, दोन आरसे, एवढ्यावर सुरुवात होते. आरसा नसला की गिऱ्हाईक ‘घरी विचारून येतो’ म्हणून निघून जाते. दुसरा आरसा मागची बाजू दाखवायला.