बाळाचा विमा: पहिले ९० दिवस कोणाच्या खिशातून?

फॅमिली फ्लोटर आहे म्हणजे बाळही आपोआप त्यात आलं, असं धरून चालू नका. बहुतेक पॉलिसींत बाळ ९० दिवसांचं झाल्यावरच त्याचं नाव घालता येतं. कावीळ, श्वासाचा त्रास, काचेची पेटी हे खर्च मात्र त्याआधीचे. तेव्हाही संरक्षण हवं असेल तर पॉलिसीत मॅटर्निटी आणि न्यूबॉर्न कव्हर दोन्ही बघा. मॅटर्निटीचा प्रतीक्षा काळ पॉलिसीनुसार नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत असतो. दिवस राहिल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही.

नोकरीतली ग्रुप पॉलिसी इथे बरी. अनेक कंपन्यांत बाळाला पहिल्या दिवसापासून धरतात, पण एचआरला ठरावीक मुदतीत कळवावं लागतं. ती मुदत आजच विचारून ठेवा. बारशापर्यंत थांबलात तर ती टळू शकते.

कागद फार नाहीत: जन्मदाखला, डिस्चार्ज कार्ड, नाव वाढवण्याचा अर्ज. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर विलंब शुल्क नाही. रुग्णालय नोंद कळवतं. ती झाली का, हे तुम्ही बघा. मध्येच नाव घातलं तर सहसा उरलेल्या महिन्यांपुरताच हप्ता लागतो. वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही; कोणी १८ टक्के जोडून आकडा सांगितला तर हिशेब फोडून मागा.

खरी मेख मर्यादेत असते. समजा मॅटर्निटीची मर्यादा ५० हजार आहे आणि बाळाचा खर्चही त्यातच मोजतात. मग ती सिझेरियनमध्येच संपते आणि एनआयसीयूचं बिल तुमच्या गळ्यात. माहितीपत्रकावर जाऊ नका. ‘बाळाचा खर्च पूर्ण विमा रकमेतून की मॅटर्निटीच्या मर्यादेतून?’ याचं उत्तर ईमेलवर घ्या. एजंटचं तोंडी ‘हो हो, सगळं येतं’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. डायपर, बेबी फूड सहसा विम्यात बसत नाहीत. लसींचं वेगळं विचारा.

विमाच नसेल तर सरकारी रुग्णालयात जा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळावर वर्षभरापर्यंत मोफत उपचार होतात. खासगी रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल तर पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.

क्लेम नाकारला? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जा.