स्मृतीची नक्कल : आधी मोजणी, मग उतारा

कार्यालयात पत्र आले की त्यावर लिहिलेला सहपत्रांचा आकडा तसाच मान्य केला जात नाही; सहपत्रे मोजून मगच पोच दिली जाते. संगणकाच्या बाबतीतही हीच शिस्त आवश्यक आहे.

'सी' या संगणकभाषेत स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरविण्यासाठी 'मेमकॉपी' हे फंक्शन वापरतात. कोठे उतरावयाचे, कोठून घ्यावयाचे आणि किती बाइट, एवढेच त्यास सांगावे लागते. सांगितलेला आकडा खरा आहे किंवा नाही, हे ते तपासत नाही.

या उणिवेकडे दुर्लक्ष झाल्याचा परिणाम एप्रिल २०१४ मध्ये जगापुढे आला. 'ओपनएसएसएल' या सुरक्षित संदेशवहनाच्या आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष आढळला. समोरच्या संगणकाने पाठविलेला मजकूर त्यास जसाच्या तसा परत करावयाचा असे. परंतु एक बाइट पाठवून सुमारे ६४ किलोबाइट लांबी कळविली, तरी तेवढी नक्कल होई. शेजारच्या स्मृतीतील परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्याही त्याबरोबर बाहेर जाऊ शकत. २०१२ पासून हा दोष आज्ञावलीत होता. कळविलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी ताडून पाहावी व न जुळल्यास संदेश टाकून द्यावा, एवढीच दुरुस्ती पुरेशी ठरली.

म्हणून नक्कल करण्यापूर्वी मुळात तेवढा मजकूर आहे आणि नव्या जागेत तो मावतो, याची खात्री करावी. दोन्ही जागा एकमेकींवर येत असल्यास 'मेममूव्ह' वापरावे. दुसऱ्याने सांगितलेला आकडा ही केवळ माहिती होय. पडताळणीनंतरच ती विश्वासार्ह ठरते.