नमुन्यापासून बाजारापर्यंत

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• वस्तूचा नमुना आणि तिचे उत्पादन यांतील फरक सांगता येईल;
• उत्पादनसंख्या व किंमत यांचा संबंध उदाहरणाने स्पष्ट करता येईल;
• ‘सिंप्युटर’च्या वाटचालीचे परीक्षण करता येईल.

प्रस्तावना
एखादी नवी वस्तू आपण घरी एकदा तयार करतो, तेव्हा ती जमली याचा आनंद होतो. तीच वस्तू हजार लोकांना, एकसारखी आणि परवडेल अशा किमतीत द्यायची म्हटली, की खरी परीक्षा सुरू होते. ह्या परीक्षेला सामोऱ्या गेलेल्या एका यंत्राची ही हकीकत आहे.

मूळ पाठ
ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याने संगणक कसा वापरावा? ज्याला इंग्रजी येत नाही, त्याने काय करावे? हे प्रश्न बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन ह्या प्राध्यापकांना पडले. एन्कोर सॉफ्टवेअर ह्या कंपनीतील सहकाऱ्यांसह त्यांनी १९९९ मध्ये ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. सामान्य माणसासाठी साधा, स्वस्त व अनेक भाषा जाणणारा संगणक बनविणे, हा त्याचा हेतू होता.

एप्रिल २००१ मध्ये ह्या यंत्राचा नमुना लोकांसमोर आला. ते हातात मावत असे. त्याला कळफलक नव्हता. पडद्यावर लेखणीसारखी कांडी टेकवून काम करता येई. भारतीय भाषांतील मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवू शके. शिवाय त्यात स्मार्ट कार्ड घालण्याची सोय होती. त्यामुळे गावाने मिळून एक यंत्र घ्यावे आणि प्रत्येकाने आपली माहिती आपल्या कार्डात ठेवावी, अशी कल्पना होती. यंत्राची किंमत सुमारे ९ हजार रुपये असावी, असे उद्दिष्ट होते. देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले.

मात्र बाजारात यंत्र येण्यास २००४ साल उजाडले. प्राध्यापकांनी उभारलेली ‘पिकोपेटा’ ही कंपनी आणि बंगळूरचाच सरकारी उद्योग असलेला भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून ‘अमिडा सिंप्युटर’ विक्रीस आणला. सर्वांत साध्या प्रकाराची किंमत ९,९५० रुपये होती. रंगीत पडद्याचा प्रकार त्याहून बराच महाग होता.

मधली वर्षे कशात गेली असतील, हे समजण्यासाठी उत्पादनाची रीत पाहू. नमुन्यासाठी सुटे भाग चार-दोन नग मिळाले तरी भागते. उत्पादनासाठी तेच भाग ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दर्जाचे, शेकड्यांनी लागतात. त्यांतील एक जरी भाग आला नाही, तरी सारे काम थांबते. बाहेरच्या कवचासाठी साचा करावा लागतो, प्रत्येक नगाची तपासणी करावी लागते, बिघडलेला नग दुरुस्त करून द्यावा लागतो. आणि विक्रीचा पैसा येण्यापूर्वीच ह्या सर्वांसाठी भांडवल गुंतवावे लागते.

आता एक हिशेब करा. समजा, साच्याला १० लाख रुपये लागले. यंत्रे एक हजार केली, तर साच्याचा खर्च प्रत्येक यंत्रावर १,००० रुपये पडतो. एक लाख केली, तर केवळ १० रुपये. म्हणजे संख्या वाढल्याखेरीज किंमत उतरत नाही आणि किंमत उतरल्याखेरीज संख्या वाढत नाही. नव्या उद्योजकाला ह्या पेचातून वाट काढावी लागते.

सिंप्युटरला ती वाट सापडली नाही. २००५ पर्यंत जेमतेम चार हजारांच्या आसपास यंत्रे विकली गेली; अपेक्षा त्याच्या कितीतरी पट होती. त्याच काळात मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त झाले. गरीब माणसाला आधी आपल्या माणसांशी बोलायचे होते आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार होता. गावासाठी यंत्र विकत कोण घेणार, त्यावर गावाच्या उपयोगाची माहिती कोण पुरविणार, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहिले.

नवी वस्तू लोकांच्या गळी उतरविणे पूर्वीही सोपे नव्हते. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली व नांगर शेतोशेती पोहोचला.

मग सिंप्युटरचे श्रम वाया गेले काय? बोटांच्या स्पर्शाने चालणारे, आपल्या भाषेत बोलणारे यंत्र आज खेड्यापाड्यांत दिसते. ते सिंप्युटर नव्हे; पण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही संगणकावर हक्क आहे, हा विचार बंगळूरच्या ह्या मंडळींनी फार लवकर मांडला होता. तुम्ही उद्या पापड, पिशव्या किंवा एखादे यंत्र विकावयास काढाल, तेव्हा पहिला नमुना जमल्यावर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : हे कोण घेणार, किती घेणार आणि बिघडले तर कोणाकडे येणार?

शब्दार्थ
नमुना – चाचणीसाठी केलेली पहिली वस्तू
नग – वस्तूंची एकेक संख्या
पेच – अडचण, गुंता
गळी उतरविणे – पटवून देणे

पाठगत प्रश्न
१. स्मार्ट कार्डाच्या सोयीमागील कल्पना कोणती होती?
२. साच्याचा खर्च २ लाख रुपये व यंत्रे ५०० असतील, तर प्रत्येक यंत्रावर किती खर्च पडेल?
३. सिंप्युटर व लोखंडी नांगर यांच्या अडचणींत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या लहान उत्पादकाला भेटा. पहिला नग आणि शंभरावा नग यांत त्याला काय फरक जाणवला, ते आठ-दहा ओळींत लिहा.