मेमरीचें प्रमाण आणि प्रोसेसराचा वेग

संगणकाचा प्रोसेसर ठरीव वेगाहून अधिक वेगानें चालविणें, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हौशी विद्यार्थी हा प्रयोग करतात आणि यंत्र अडखळूं लागलें म्हणजे प्रोसेसरास दोष देतात. परंतु पुष्कळदां दोष मेमरीच्या मांडणींत असतो. तो कसा उत्पन्न होतो, हें आम्ही एका प्रत्यक्ष उदाहरणानें स्पष्ट करूं इच्छितों.

इंटेल कंपनीनें २००७ सालीं कोअर २ क्वाड क्यू ६६०० हा प्रोसेसर बाजारांत आणला. त्याचा वेग २४०० मेगाहर्ट्‌झ होता. हा वेग म्हणजे मदरबोर्डावरील मूळ स्पंदन सुमारें २६६ आणि गुणक ९, यांचा गुणाकार होय. गुणक ९ च्या वर नेतां येत नसे. म्हणून वेग वाढवावयाचा तर मूळ स्पंदनच वाढविणें प्राप्त होतें. तें ३३३ केलें, कीं प्रोसेसर ३००० वर जातो.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. मेमरीचें स्पंदनही त्याच मूळ स्पंदनापासून ठराविक प्रमाणानें निघतें. डीडीआर २-८०० जातीची मेमरी ४०० मेगाहर्ट्‌झवर चालते. प्रत्येक स्पंदनांत ती दोनदां माहिती पोंचविते, म्हणून तिच्या नांवांत ८०० हा आंकडा आला. २६६ पासून ४०० मिळविण्यास २:३ हें प्रमाण लागतें. आतां मूळ स्पंदन ३३३ केलें आणि प्रमाण तसेंच ठेविलें, तर मेमरी ५०० वर, म्हणजे ठरीव वेगाच्या सव्वापट धांवूं लागते. उपाय सोपा आहे. बायॉसमध्यें प्रमाण ५:६ करावें, म्हणजे मेमरी पुन्हां ४०० वर येते. अथवा १:१ करावें, म्हणजे ती ३३३ वर राहते.

३३३ वर मेमरी फार मंद होईल काय, अशी शंका कोणी घेईल. ४०० वर एक स्पंदन २.५ नॅनोसेकंदांचें असतें. उत्तरास ५ स्पंदनें लागलीं, तर विलंब १२.५ होतो. ३३३ वर एक स्पंदन ३ नॅनोसेकंदांचें. तेथें ४ स्पंदनें पुरलीं, तर विलंब १२ च होतो. यास्तव वेगाचा आंकडा एकटा न पाहतां, त्याबरोबर प्रतीक्षेचीं स्पंदनेंही मोजावीं.

हल्लींच्या पुष्कळ प्रोसेसरांत मूळ स्पंदन १०० ठेवून केवळ गुणक वाढवितां येतो; त्यामुळें मेमरी आपोआप ओढली जात नाहीं. तथापि तिची मांडणी स्वतंत्रपणें तपासणें आवश्यकच आहे.

प्रोसेसराची चूक झाली तर बहुधा यंत्र थांबतें आणि ती दिसते. मेमरीची चूक मात्र कित्येकदां निमूटपणें लिहिलेला निबंध किंवा हिशेब बिघडवून ठेविते. म्हणून प्रथम महत्त्वाच्या लेखांची प्रत अन्यत्र ठेवावी. एका वेळीं एकच आंकडा बदलावा. नंतर मेमटेस्ट ८६ सारख्या साधनानें रात्रभर परीक्षा घ्यावी. एकही चूक आढळली, तर एक पायरी मागें यावें. निर्दोष चालणारा थोडा वेग हा अविश्वसनीय अधिक वेगापेक्षां केव्हांही श्रेयस्कर होय.