गळाची काठी हलकी हवी, पण दणकट हवी : खाऱ्या पाण्यातील रॉडची पारख

औरंगाबादच्या बाजारात कापडाची ठाणे मोजणाऱ्यांनी समुद्रातल्या मासेमारीच्या रॉडवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. समुद्र आमच्या शहरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि पैठणच्या नाथसागरात अशा रॉडचे काही काम नाही. तरीही हा विषय आम्ही दोन कारणांनी घेतला आहे.

पहिले कारण असे की हा रॉड आणि त्यावरची दोरी या दोन्ही वस्तू मुळात धाग्याच्या आहेत, आणि धाग्याचा हिशोब कापडवाल्याला कळतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रत्नागिरी, हर्णै, मालवण या पट्ट्यातील काही तरुण हौशी पाहुण्यांना होडीतून गरवायला नेण्याचा धंदा करू पाहतात. त्यांत रत्नागिरीकडच्या दालदी मुस्लिम घरांतील मुलेही आहेत, ज्यांच्या वाडवडिलांनी जाळ्यावर आयुष्य काढले. होडी घरची असते, पण सामानासाठी भांडवल लागते. मग मामा, चुलते, मेहुणे यांच्याकडे भागीदारीची मागणी येते. आमच्या नात्यातील अशाच एका तरुणाने दुकानदाराच्या शब्दावर चार महागडे रॉड घेतले. पहिल्याच हंगामात त्यांतले दोन मोडले. पैसा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेला होता. म्हणून सामान कसे पारखावे हे भागीदारालाही ठाऊक असले पाहिजे.

ही मासेमारी कोणती?

लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा दूर फेकायचा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर झटके देत ओढायचा. तोंडाशी खोलगट असलेला 'पॉपर' पाणी उडवतो. निमुळता 'स्टिकबेट' घायाळ माशासारखा डुलतो. मोठा मासा खालून येऊन त्यावर झडप घालतो. आपल्या किनाऱ्यावर सुरमई, खाडीच्या तोंडाशी जिताडा, खडकाळ भागात ट्रिव्हॅली असे मासे या पद्धतीने लागतात. अंदमानात आणि ओमानच्या किनाऱ्यावर जायंट ट्रिव्हॅलीसाठी जगभरातून हौशी लोक येतात.

येथे रॉडला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. दिवसभरात माणूस शेकडो वेळा फेक करतो, म्हणून रॉड हलका हवा. मासा लागल्यावर तो खडकाकडे धावतो, म्हणून रॉड दणकट हवा. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हीच खरी पारख.

आधी दोरी ठरवा, मग रॉड

बहुतेक गिऱ्हाईक आधी रॉड घेते आणि मग त्यावर दोरी शोधते. हा क्रम उलटा आहे. रॉडवर 'पी.ई. ४' किंवा 'पी.ई. ६' असे आकडे छापलेले असतात. पी.ई. म्हणजे पॉलिथिलीन. ही साधी पिशवीची पॉलिथिलीन नव्हे, तर डायनिमा, स्पेक्ट्रा या नावांनी विकला जाणारा अतिमजबूत धागा. त्याचे चार, आठ किंवा अधिक पदर विणून दोरी होते.

हा आकडा म्हणजे दुसरे काही नसून डेनियर आहे. जपानी प्रमाणानुसार पी.ई. १ म्हणजे २०० डेनियर. म्हणून पी.ई. ४ म्हणजे ८०० आणि पी.ई. ६ म्हणजे १२०० डेनियर. कापडवाल्यांना सांगायला नको की ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. साडीच्या पॉलिएस्टरमध्ये ७५ डेनियरचा धागा सर्रास असतो, दप्तराचे जाड कापड ६०० डेनियरचे असते. यावरून अंदाज यावा.

यातून एक सोपी तपासणी निघते. पी.ई. ६ ची ३०० मीटर दोरी सुमारे ४० ग्रॅम भरली पाहिजे, पी.ई. ४ ची सुमारे २७ ग्रॅम. वरचा रंग आणि लेप यामुळे वजन थोडे वाढते. पण ४० च्या जागी ६० ग्रॅम भरले, तर दोरी छापील आकड्यापेक्षा जाड आहे असे समजावे. जाड दोरी कमी अंतर जाते आणि रिळावर कमी मावते. रिकाम्या चकतीचे वजन वजा करून सराफाच्या काट्यावर ही खात्री पाच मिनिटांत होते.

दोरीची ताकद कंपनीप्रमाणे बदलते. साधारणपणे पी.ई. ४ ची दोरी २५ किलोच्या आसपास आणि पी.ई. ६ ची ४० किलोच्या आसपास तुटते. मात्र गाठीपाशी ताकद घटते, म्हणून रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवण्याचा रिवाज आहे. म्हणजे पी.ई. ४ साठी ६ ते ८ किलो. हा ताण हाताच्या अंदाजाने न लावता स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजावा.

लांबीचा हिशोब

लांब रॉडने फेक दूर जाते, पण माशाशी झुंजताना तोच रॉड माणसावर उलटतो. तरफेचे गणित पाहा. रॉडचे बूड कमरेच्या पट्ट्यात टेकले आहे आणि हात त्याच्या २ फूट वर आहे. ८ फुटी रॉडच्या टोकाला मासा काटकोनात ५ किलोने ओढत असेल, तर हाताला २० किलोचा जोर लावावा लागतो. ९ फुटी रॉड असेल तर साडेबावीस किलो.

पण रॉड कमानीसारखा वाकला आणि ओढीची रेषा बुडापासून ४ फुटांवर आली, तर तोच भार १० किलोवर येतो. म्हणून ताठ रॉड म्हणजे जोरदार रॉड ही समजूत चुकीची आहे. टोक फेकीसाठी पुरेसे लवचिक, मधला भाग हळूहळू वाकणारा आणि बूड भक्कम, असा रॉड माशाला दमवतो. केवळ ताठ रॉड माणसालाच दमवतो.

होडीवरून गरवण्यासाठी साडेसात ते सव्वाआठ फूट लांबी पुरते. खडकावरून फेकायचे असेल तर साडेनऊ फूट किंवा अधिक लागते. दोन्ही कामे एकाच रॉडने होतील असे कोणी सांगितले, तर शांतपणे नाही म्हणावे.

कार्बनचे ताने-बाने

आता रॉडच्या पोटात शिरू. कार्बनचा धागा ज्या पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून होतो, ते आपल्या स्वेटर-ब्लँकेटच्या अॅक्रिलिकच्याच घराण्यातले. तो धागा ताणून, हवा बंद करून हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजला की कार्बन उरतो. या धाग्याची मोठी उत्पादक जपानची टोरे कंपनी १९२६ साली रेयॉनचा धागा बनवण्यासाठीच निघाली होती. या धाग्याची राळ लावलेली चादर पोलादी सळईवर गुंडाळतात, भट्टीत पक्की करतात आणि सळई काढून घेतात. उरते ती पोकळ नळी. थोडक्यात, रॉड म्हणजे गुंडाळलेले कापडच.

कापडासारखेच येथेही उभे आणि आडवे धागे असतात. उभे धागे रॉडला ताठपणा देतात. आडवे धागे नळी चपटी होऊ देत नाहीत. बांबूच्या पेरांचे जे काम, तेच येथे आडव्या धाग्यांचे. रॉड हलका करण्यासाठी आडवे धागे कमी केले, तर दुकानात तो सुंदर वाटतो, पण मोठ्या वाकणात नळी चपटून फुटते.

दुकानदार '२४ टन', '३० टन', '४० टन' असे आकडे सांगतात. हा टनांचा आकडा ताठपणाचा आहे, ताकदीचा नाही. आकडा वाढला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, म्हणून रॉड हलका होतो. पण धागा तुटण्यापूर्वी कमी ताणला जातो, म्हणजे ठिसूळ होतो. काचेच्या धाग्याचा ताठपणा अवघा ७ टनांच्या आसपास, वजन कार्बनच्या सुमारे दीडपट. पण तो कितीतरी अधिक ताण सोसतो. म्हणून अनेक कारागीर कार्बनच्या जोडीला काचेचा धागा घालतात. आमच्या शहराच्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र येतात, मशरूत वर रेशीम आणि अंगाला सूत असते. प्रत्येक धाग्याला त्याच्या गुणाचे काम दिलेले असते. येथेही तेच तत्त्व आहे. पाहुणे बदलत राहणार, नवशिके हात लागणार, अशा धंद्यासाठी २४ ते ३० टनांचा मिश्र रॉड बरा. ४० टनांचा रॉड अनुभवी माणसाने स्वतःच्या हाताने वापरावा.

आणखी एक गोष्ट. नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होते, पण ताठपणा सुमारे आठपट वाढतो. म्हणून हलक्या रॉडची नळी फुगीर आणि भिंत पातळ असते. असा रॉड वाकवला तर टिकतो, पण होडीच्या काठावर आपटला तर त्याला न दिसणारी चीर पडते. आमच्या नातेवाइकाचे दोन रॉड असेच गेले. पाहुण्यांनी ते काठाला टेकवून ठेवले होते, आणि दुकानात याबद्दल कोणी एक शब्दही सांगितला नव्हता.

दुकानात काय तपासावे?

१. वजनापेक्षा तोल पाहावा. रीळ लावून रॉड हातात धरावा. टोक खाली झुकत असेल तर ३०० ग्रॅमचा रॉडही संध्याकाळपर्यंत मनगट मोडतो. तोल साधलेला ३५० ग्रॅमचा रॉड कमी थकवतो.

२. कड्यांतून शिफॉनचा तुकडा ओढून पाहावा. धागा अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती चीर दोरी कापेल.

३. कड्यांना दोन पाय असावेत. चौकट टायटॅनियमची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची असावी. खारी हवा हलका पत्रा एका पावसाळ्यात खाते.

४. रिळाची बैठक घट्ट कसून पिरगाळून पाहावी. हलली तर रॉड घेऊ नये.

५. छापील आमिषाचे वजन पाहावे. पी.ई. ३ ते ५ च्या रॉडवर साधारण ४० ते ९० ग्रॅमचे आमिष चालते. १५० ग्रॅमचे पॉपर त्यावर फेकले तर दोष रॉडचा नाही.

६. मुठीपाशी जोड असलेला रॉड घ्यावा. अखंड ८ फुटी रॉड एस.टी.त किंवा रेल्वेत नेणे म्हणजे मोडण्याला आमंत्रण. प्लॅस्टिकच्या पाइपात घालूनच माल पाठवावा.

वापरताना दोन नियम पाहुण्यांना सुरुवातीलाच सांगावेत. मासा होडीखाली आला की रॉड उभा सरळ धरू नये, कारण मग सगळा भार बारीक टोकावर येतो आणि ते तुटते. मासा रॉडने उचलून होडीत घेऊ नये, जाळीने घ्यावा. संध्याकाळी रॉड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा.

धंद्याची बाजू

कोकणातील कामासाठी आमचा सल्ला असा : पौणेआठ ते आठ फुटी, पी.ई. ३ ते ५ चे, मध्यम किमतीचे दोन रॉड आणि एक राखीव. अंदमानच्या चित्रफिती पाहून पी.ई. ८ किंवा १० चे रॉड घेणे म्हणजे रिक्षाला ट्रकचे इंजिन लावणे. हिशोब करताना लक्षात ठेवावे की आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि पुढेही काही काळ समुद्र खवळलेला, पाणी गढूळ असते. कमाई हंगामाच्या महिन्यांतच, खर्च मात्र बारा महिन्यांवर वाटावा. नफ्या-तोट्याचा हिस्सा आधीच कागदावर लिहावा. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद कुरआननेच दिली आहे, ती नात्यातल्या माणसांनाही लागू आहे. व्याजाच्या पैशाने सामान घेऊन धंद्याचा पाया कच्चा करू नये.

समुद्राची शिकार आपल्याला हलाल आहे. पण खाण्याजोगा मासा केवळ फोटोसाठी मारून फेकणे ही नासाडी आहे. जो खायचा तो ठेवावा, लहान मासा त्रास न देता लगेच पाण्यात सोडावा. बिनकाट्याची, म्हणजे उलट नांगी दाबून टाकलेली गरी लावली तर हे सोपे जाते.

शेवटी विकणाऱ्या बंधूंसाठी एक गोष्ट. मदीनेच्या बाजारात प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. रॉडच्या आतली चीर, पातळ भिंत, टनांचा फुगवलेला आकडा हे आजचे ओले धान्य आहे. रॉडवर विसंबून एक तरुण पाहुण्यांना समुद्रात नेतो आणि त्या कमाईवर त्याच्या घरची चूल पेटते. म्हणून मालाचा ऐब सांगून माल विकावा, आणि विकत घेणाऱ्याने काटा, शिफॉनचा तुकडा आणि थोडी सबुरी सोबत घेऊन दुकानात जावे.