ताटातला घास खाणारी मेंढी

अभ्यासासाठी शास्त्रभाग : २ शमुवेल, अध्याय ११ संपूर्ण आणि अध्याय १२, वचने १ ते ७



नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाजवळ एकच मेंढी, आणि श्रीमंताच्या घरी पाहुणा येतो. उपदेश ऐकताना आपले सगळे लक्ष शेवटाकडे असते, नाथान राजाकडे बोट दाखवतो त्या क्षणाकडे. मीही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी या उताऱ्यावर निबंध लिहिला होता आणि त्यात तिसऱ्या वचनाला दोन ओळी दिल्या होत्या. गरिबाने ती मेंढी विकत घेतली, पोसली, ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्याच घासातले खायची, त्याच्याच प्याल्यातले प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. मला ते केवळ गोष्टीत रंग भरण्यासाठी घातलेले वर्णन वाटले होते. आज त्याच वचनावर जरा थांबू या, कारण गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक कोकरू वाढले.

नवापूर तालुक्यात आमच्या भागात शेळ्या घरोघरी, मेंढ्या नाहीत. मेंढ्या येतात त्या ठेलारी धनगरांबरोबर. पावसाळा संपला की साक्रीकडचे त्यांचे वाडे चाऱ्यासाठी बाहेर पडतात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात. एक-दोन रात्री मुक्काम आणि पुन्हा पुढे. डिसेंबरमध्ये असाच एक वाडा आमच्या मागच्या शेतात उतरला होता. पहाटे एक मेंढी वितानाच मेली. कोकरू जिवंत होते.

त्या वाड्यातल्या बाईचे हात कसे चालले होते ते मी पाहिले. मेलेल्या मेंढीच्या कासेतला चीक तिने आधी पिळून गडूत घेतला. मग कोकरू नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या मेंढीच्या वारेच्या पाण्याने माखून तिच्यापुढे ठेवले. मेंढी आपले पिल्लू वासावरून ओळखते, आणि ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच पक्की होते. कधी ही युक्ती साधते. या वेळी मेंढीने दोनदा धडक देऊन कोकराला लोटून दिले. वाडा सकाळीच हलायचा होता. घोड्याच्या पाठीवर आधीच चार कोकरे होती. बाईने ते माझ्याकडे दिले, चिकाचा गडूही दिला आणि म्हणाली, "जगली तर तुमची, बाई. पण पोटभर पाजू नका."

हे शेवटचे वाक्य तिला सांगावेसे का वाटले कोण जाणे. मला मात्र ते फार लागले. कारण सहा वर्षांपूर्वी असेच एक कोकरू आमच्या हातून मेले होते.

तेव्हा मी दोन दिवस बैठकीसाठी बाहेरगावी गेले होते. कोकरू तीन आठवड्यांचे, उड्या मारणारे. जाताना मुलींना एवढेच सांगितले की त्याच्याकडे लक्ष ठेवा. मुलींनी लक्ष ठेवले. ते ओरडले की जी जवळ असेल ती बाटली भरून पाजायची. आधी कोणी पाजले हे कोणी कोणाला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट ढोलासारखे फुगले आणि रात्री ते गेले. मी परत आले तेव्हा आठ-दहा मुली रडत होत्या आणि प्रत्येक जण सांगत होती, "ताई, मी तर पाजलं होतं." उपाशी ठेवून नव्हे, सगळ्यांनी मिळून माया करून आम्ही ते मारले. चूक मुलींची नव्हती. किती पाजायचे, कधी पाजायचे आणि कोणी पाजायचे हे मी ठरवून दिले नव्हते.

म्हणून या वेळी पहिल्या तासापासून हिशेब ठेवला. आपल्यापैकी काहींच्या घरी असा प्रसंग येऊ शकतो, तेव्हा जे शिकलो ते सांगते.

कोकरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगांशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते. ती त्याला आईच्या चिकातूनच मिळते, आणि आतड्यांतून ती रक्तात उतरण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते. त्यातही पहिले सहा तास मोलाचे. आमचे कोकरू अडीच किलोचे होते. अशाला पहिल्या २४ तासांत पाव लिटरभर चीक लागतो, तोही चार-पाच वेळांत विभागून. पण त्याही आधी ऊब. तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले आणि बोट चोखले नाही, तर दूध मुळीच ओतू नये; ते फुप्फुसात जाते. आधी गोणपाटाने खरखरून कोरडे करावे आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. आमच्या कोकराने तासाभराने बोट ओढले, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी "हालेलूया" म्हटले ते मला चुलीपर्यंत ऐकू आले.

पाजताना कोकराला तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे करू नये. ते चार पायांवर उभे राहावे, मान पुढे आणि किंचित वर, जसे ते आईच्या कासेला लागते. देवाने त्याच्या पोटाचे चार कप्पे केले आहेत. मान ताणून चोखले की आत एक पन्हळ मिटते आणि दूध पहिले कप्पे ओलांडून थेट चौथ्यात, म्हणजे खऱ्या जठरात पोचते. घाईने तोंडात ओतलेले दूध भलत्या कप्प्यात जाऊन आंबते. बुचाचे भोकही लहान हवे. बाटली उलटी धरली की थेंब पडावेत, धार लागू नये.

दूध आम्ही शेजारच्या आजींच्या शेळीचे रतिबाने घेतले. मेंढीचे दूध शेळीच्या किंवा गाईच्या दुधाहून दाट असते, तेव्हा पाणी घालण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला वजनाच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाइतके दूध, म्हणजे आमच्या कोकराला ३५० ते ४०० मिलिलिटर. सहा वेळा, दर वेळी साठ-पासष्ट. रात्री अकरा आणि पहाटे चार या पाळ्या त्यात आल्या. पुढे माप वाढवत आणि पाळ्या कमी करत गेलो. भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधली आणि पाजणारीने वेळ, माप व नाव लिहायचे असा नियम केला. नाव लिहिले नसेल तर पाजलेच नाही असे समजायचे नाही, आधी विचारायचे. कोकरू ओरडते ते दर वेळी भुकेने नव्हे. कधी थंडीने, कधी नुसते एकटे वाटले म्हणून. अशा वेळी त्याच्याजवळ बसावे लागते, आणि बसण्यापेक्षा बाटली देणे सोपे असते. आपल्या सेवाकार्यातही हे मी अनेकदा पाहिले आहे, स्वतःच्या बाबतीतसुद्धा.

या सगळ्यात सहावीतली एक मुलगी हळूहळू पुढे आली. तिच्या घरी शेळ्या आहेत. पहाटे चारची पाळी तिने मागून घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. कोकरू काळे, म्हणून तिने नाव ठेवले काळी. दोन आठवड्यांनी काळी पाला कुरतडू लागली. मुलगी जेवायला बसली की तिच्या ताटातल्या भाकरीला तोंड लावी. मी रागावत असे. थंडीच्या रात्री दोघी एकाच घोंगडीत सापडल्या तेव्हाही रागावले. तीन महिन्यांनी दूध तोडले. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पीपीआरची आणि आंत्रविषाराची लस टोचून घेतली.

आता वचनाकडे वळू. घास, प्याला, कूस. ज्या माणसाने पहाटे चारला उठून एक जीव जगवला आहे त्याला हे रंगकाम वाटत नाही. हाताने वाढवलेले कोकरू अगदी असेच वागते. आणि नाथान हे शब्द उगाच निवडत नाही. मागच्या अध्यायात अकरावे वचन काढून पाहा. उरीयाला राजा घरी जा म्हणतो, तेव्हा तो नकार देतो. माझे सोबती उघड्यावर पडलेले असताना मी घरी जाऊन खाऊ, पिऊ आणि पत्नीजवळ निजू काय, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. खाणे, पिणे, निजणे ही तीन क्रियापदे तेथे आहेत, आणि तीच तीन त्याच क्रमाने मेंढीच्या वर्णनात आहेत. मेंढी त्या माणसाला मुलीसारखी होती असेही नाथान म्हणतो. इब्री भाषेत मुलगी म्हणजे बथ, आणि बथशेबा या नावाची सुरुवात त्याच शब्दाने होते. राजाला हे ऐकू यायला हवे होते. तो तर स्वतः मेंढपाळ! सिंह आणि अस्वल यांच्या तोंडातून कोकरू सोडवल्याचे त्याने शौलापुढे सांगितले होते. तरी त्याला आपली गोष्ट ओळखता आली नाही. तो संतापला आणि चौपट भरपाईचा निवाडा देऊन मोकळा झाला. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असेच आहे, म्हणजे कायदा त्याला बिनचूक पाठ होता.

मला कायदाही पाठ होता आणि हा उताराही.

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे १४ पाहुणे येणार होते. वर्षानुवर्षे कामाला हातभार लावणारी माणसे. त्यांचे नीट आदरातिथ्य व्हावे असे मला मनापासून वाटत होते. आदल्या दिवशी कोंबड्यांची सोय होईना. कोणीतरी म्हणाले, काळी आहे की. मी मनात हिशेब केला. दूध वसतिगृहाच्या पैशातून आले, लस वसतिगृहाच्या पैशातून, पाला वसतिगृहाच्या आवारातला, तेव्हा मेंढी वसतिगृहाची. हिशेब चुकीचा नव्हता. मुलीला बोलावून विचारलेही. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "घ्या ना, ताई." मी ते संमती म्हणून धरले. सहावीतल्या मुलीने वसतिगृहाच्या ताईला दुसरे काय उत्तर द्यायचे होते?

मावशींना काळीला बांधून आणायला पाठवले. त्या पाच मिनिटांत रिकाम्या हाताने परत आल्या. म्हणाल्या, "ताई, ती हाक मारली की येते हो. येऊन माझा पदर चघळायला लागली. मी नाही धरणार. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही जा."

मी गेले नाही. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी डाळ, भात, नागलीची भाकर आणि अंड्यांचा रस्सा वाढला. ते आवडीने जेवले. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते आणि त्यांनी काही मागितलेही नव्हते. दृष्टान्तातल्या वाटसरूवरही नाथान कोणताच दोष ठेवत नाही, हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आले. त्याच्या नावाने जे झाले ते यजमानाने केले, आणि तेही पाहुणचारासारख्या चांगल्या गोष्टीच्या आडून. श्रीमंताला स्वतःच्या कळपातले काढणे जिवावर आले, एवढेच मूळ कारण वचनात दिले आहे. माझ्या कळपात तेव्हा काय होते, हे मी रात्री बसून मोजले. थोडे पैसे होते, गाडी होती, बाजाराचे गाव १२ किलोमीटरवर होते. जायचा कंटाळा आला होता.

त्या मुलीची क्षमा मी मागितली. ती नुसती लाजली, काही बोलली नाही. मुले मोठ्यांना फार लवकर सोडून देतात. ते बरे की वाईट, मला अजून ठरवता आलेले नाही.

मे महिन्यात वसतिगृहाला सुट्टी लागली तेव्हा काळी तिच्याबरोबर तिच्या घरी गेली. कळपाचे जनावर एकटे नीट वाढत नाही, आणि माणसांत वाढलेल्याला तर आपण जनावर आहोत हेच आधी शिकावे लागते. सुरुवातीचे आठ दिवस काळी शेळ्यांकडे ढुंकून पाहीना. दाराशी बसून राही, रात्री ओरडे. मुलीच्या आईने तिला घरात घ्यायला साफ मनाई केली आणि शेळ्यांच्या गोठ्यात मधोमध बांधली. मुलगी बाहेर ओट्यावर झोपली, पण गोठ्यात गेली नाही.

दिवाळीत मी त्या पाड्यावर गेले होते. शेळ्या नाल्यापलीकडे चरत होत्या आणि त्यांच्यात एकच काळी लोकरीची पाठ दिसत होती. मुलीने मला दाखवण्यासाठी हाक मारली. काळीने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा पाल्यात तोंड घातले. मुलगी म्हणाली, "आता येत नाही ती, ताई," आणि हसली.