काळ्या पतंगाचा फेरहिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पतंगावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण विज्ञान शाखेतल्या एका मित्राच्या पुस्तकात मी एक छायाचित्र पाहिले. काजळलेल्या खोडावर दोन पतंग, एक पांढरा, एक काळा. त्यामागची हकीकत कळली तेव्हा मला ती थेट हिशेबतपासणीचीच वाटली.

हा बिस्टन बेट्युलारिया. इंग्लंडमुळे गाजलेला पतंग. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. याच्या कुळाच्या नावाचा अर्थच 'जमीन मोजणारे', कारण अळी आपल्याकडच्या उंटअळीप्रमाणे पाठीची कमान करीत, जणू वीत टाकीत चालते. थांबली की हुबेहूब काटकी! हिवाळा जमिनीत कोशात जातो. पतंग रात्री उडतो आणि दिवसा झाडावर निश्चल बसतो. सालीवर दगडफूल (आपल्या मसाल्यातल्यासारखेच) असले की तो त्यात दिसेनासा होतो.

१८४८ साली मँचेस्टरला एक काळा पतंग सापडला. गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, खोडे काळवंडली, आणि १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. हा रंग काजळीचा नव्हे, आनुवंशिक होता. उठून दिसणारा पतंग पक्षी टिपतात, असे टट यांनी १८९६ मध्ये सुचवले. केटलवेल यांनी १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले. काळ्यांपैकी २७.५ टक्के परत हाती लागले, पांढऱ्यांपैकी १३. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात नेमके उलटे घडले.

पुढे आक्षेप निघाले. त्यांनी पतंग दिवसा, खोडांवर, दाटीने सोडले होते; पुस्तकांतली काही छायाचित्रे तर मेलेले पतंग टाचून घेतलेली! सगळेच थोतांड, असा गवगवा झाला. मला हे पटत नाही. एक व्हाउचर सदोष निघाले म्हणून सारी खतावणी खोटी ठरत नाही. मात्र ती पुन्हा तपासावी लागते.

केंब्रिजच्या मायकेल मॅजेरस यांनी ती तपासली. २००१ पासून २००७ पर्यंत त्यांनी आपल्याच बागेत ४,८६४ पतंग सोडले. रात्री पतंगांना बसायची जागा स्वतः निवडू दिली आणि पहाटे दुर्बिणीतून पक्ष्यांवर नजर ठेवली. आपसूक बसलेले १३५ पतंगही त्यांना आढळले. निम्म्याहून अधिक फांद्यांवर होते, तरी एकतृतीयांशाहून थोडे जास्त खोडांवरच! १९५६ च्या कायद्यानंतर हवा निवळत गेली होती, आणि आता पक्षी काळ्यांनाच जास्त टिपत होते. मॅजेरस २००९ मध्ये वारले. त्यांचे आकडे चौघा शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.